माझ्या तोंडी तिचा आवाज

गेल्या वर्षापासून मी सिनेमाची कामे स्वीकारत नाही. नाटकाची स्वीकारते, परदेशातून बोलावणे आले तर औषधांचा डबा आणि लोकरी मोजे घेऊन अजूनही निघते. सिनेमाला नकार का, असे कोणी विचारले की मी वय पुढे करते. साठी ओलांडलेल्या बाईने वयाचे नाव घेतले की समोरचा माणूस फार खोलात जात नाही. खरे कारण मी आजवर एकदाच बोलून दाखवले, आणि जिला सांगितले तिने ते हसण्यावारी नेले. लिहिताना तरी ते नीट सांगता येईल, अशी आशा आहे.

आमचे घराणे तंजावरकडे पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी लोकांपैकी. आजोबा कारकुनी करायला मद्रासला आले आणि येथलेच झाले. मी एका महिला महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले, लग्न केले नाही, आणि नुंगंबाक्कमच्या आमच्या घरात थोरल्या बहिणीसह राहते. ती माझ्याहून बरीच मोठी. तिला मी अक्का म्हणते. मी लिहिते ती मराठी पुस्तकांतून आलेली आहे. वडील पुण्याहून टपालाने पुस्तके मागवत आणि आमच्याकडून धड्यासारखी वाचून घेत. मी बोलते ती मराठी निराळी. तिच्यात जुने शब्द आहेत, अधूनमधून तमिळ आहे, आणि चाल तर सगळी तमिळचीच. महाराष्ट्रातून आलेल्या माणसांपुढे ती बोलण्याचा मला लहानपणापासून संकोच वाटे. ती माणसे हसत. वाईट बुद्धीने नव्हे, बोबड्या मुलाला हसावे तशी. मग म्हणत, "किती गोड बोलता हो तुम्ही." त्यानंतर मी इंग्रजीचा आश्रय घेत असे.

अशा बाईने पन्नाशीनंतर रंगभूमीवर पाऊल ठेवावे याचे मला स्वतःला अजून नवल वाटते. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर एका सहकारी प्राध्यापिकेने मला सोबत म्हणून एका नाट्यशिबिरात नेले. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. मी मात्र नाव दिले आहे तर जायला हवे, या शाळकरी भावनेने गेले. शिबिर घेणारा दिग्दर्शक तरुण, तमिळ, निम्मे वर्ष युरोपात आणि निम्मे चेन्नईत काम करणारा होता. त्याने सर्वांना सांगितले, की घरी रोज करता ते एखादे काम करून दाखवा आणि करताना घरच्या भाषेत बोला. इतरांनी भांडणे केली, कोणी रडून दाखवले. मला त्यातले काही येत नव्हते. मी जमिनीवर बसून, समोर नसलेली पालेभाजी निवडू लागले, आणि आमची अम्मा भाजी निवडता निवडता आम्हा मुलींशी बोलत असे तशी बोलत राहिले. कोणाच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य नव्हते, म्हणून काम संपेपर्यंत मान वर केली नाही.

"मामी," तो म्हणाला, "हा आवाज इतकी वर्षं कुठे ठेवला होतात?"

"वर्गात," मी म्हटले. "तिथंही कोणी ऐकत नव्हतं."

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

आमच्यासारख्या बायकांना चेन्नईत मामी म्हणण्याची रीत आहे. त्यात नाते नसते. थोडा आदर आणि थोडी चेष्टा असते. त्याच्या तोंडचे मामी मला आवडू लागले, हे मान्य करायला हवे. त्या शिबिरातून त्याने एक नाटक उभे केले. तीन बायका, एकच स्वयंपाकघर, प्रत्येकीची भाषा वेगळी; एकीचे दुसरीला कळत नाही आणि तरी स्वयंपाक होतो. तालमींत माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नसे. मला वाटले, आता तो मला बदलणार. त्याने माझा पाटच पुढे सरकवला. "तुम्ही ओरडू नका," तो म्हणाला. "लोक वाकतील."

लोक वाकले. ते नाटक लिस्बनला गेले, सोलला गेले, आणखी कोठे कोठे गेले. भाषांतर भिंतीवर उमटत असे. पण लिस्बनमध्ये एक वृद्ध बाई प्रयोगानंतर दाराशी थांबली होती, आणि आपण भिंतीकडे पाहिलेच नाही असे तिने मला मोडक्या इंग्रजीत सांगितले. त्या नाटकामुळे मला परदेशी सिनेमात लहानसहान कामे मिळाली. उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावी मी एका डॉक्टरची आई झाले. तेथे ध्वनिमुद्रण करणारा उंच, अबोल गृहस्थ होता. माझ्या रेशमी साडीची सळसळ त्याला ऐकू येई, म्हणून मला सुती नेसायला लावली. दोन खोल्यांपलीकडचा फ्रीज घुरघुरत होता, तर तो बंद करीपर्यंत त्याने साऱ्या चमूला ताटकळत ठेवले. माझ्या एका वाक्यासाठी एवढी माणसे गप्प बसली आहेत, हे पाहून मला रडू आले; आणि तेच त्यांनी चित्रित केले.

हे सविस्तर सांगते आहे ते मिरवण्यासाठी नव्हे. सिनेमात आवाजाला असे जपतात, हे मी त्या गावी शिकले, आणि सगळीकडे तसेच असेल अशी माझी समजूत झाली. चेन्नईत जन्म काढलेल्या बाईची ही समजूत हास्यास्पदच म्हणायची. आमच्या शहरात चित्रीकरणाच्या वेळचा आवाज पुष्कळदा कच्चा खर्डा मानतात. पुढे स्टुडिओत डबिंग होते. तोंड एकीचे, आवाज दुसरीचा, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. कितीतरी नायिकांचा खरा आवाज लोकांनी कधी ऐकलेलाच नसतो. हे मला ठाऊक होते. ते आपल्याला लागू होईल, असे मात्र वाटले नव्हते.

कारण दिग्दर्शकाने शब्द दिला होता. स्वतःचा पहिला सिनेमा करायचे ठरवून तो आमच्याकडे आला, अक्काच्या हातची कॉफी घेतली आणि म्हणाला, "मामी, ही फिल्म तुमच्या भाषेत. सगळीच्या सगळी."

"कोणाला कळेल ती?"

"कळायला खाली अक्षरं आहेत. ऐकायला तुम्ही आहात."

अक्काने विचारले, "हिला पाठ होईल की एवढं? हिला बाजारातून काय आणायचं ते आठवत नाही."

"पाठ काही करायचंच नाही, पाटी. त्यांना बोलायचं आहे, एवढंच," तो म्हणाला. पाटी म्हणजे आजी. अक्का खूश झाली आणि तिने त्याला पुन्हा कॉफी दिली.

भाषेचा वारसा वगैरे मोठे शब्द मला पेलत नाहीत. आमच्या भाचे-पुतण्यांना आमचे बोलणे कळते, पण उत्तर ते इंग्रजीत देतात, आणि त्यांच्यावर माझा राग नाही. मला एवढेच हवे होते, की जे बोलणे मी चारचौघांत दडवत आले ते एकदा मोठ्या पडद्यावरून, माझ्याच गळ्यातून, कोणी न हसता ऐकावे. याहून अधिक मी त्या सिनेमाकडे मागितले नव्हते. पण हे मात्र खरोखर मागितले होते.

कथा साधी होती. एका बाईची मुलगी परदेशात आहे. मुलगी आठवड्यातून एकदा फोन करते, घाईत बोलते आणि ठेवते. फोन बंद झाल्यावरही आई बोलत राहते. शेवटच्या प्रसंगात काय बोलायचे हे कागदावर नव्हते. कॅमेरा चालू झाला आणि माझ्या तोंडून अम्माचे शब्द आले. अखेरच्या आजारात दाराशी कोणीही आले, अगदी दूधवाला आला, तरी मुलगीच आल्यासारखी अम्मा म्हणत असे, "इकडं बस गे. जेवलीस की? जाशील, जाशील. थोडं उगी बस." मी ते हातातल्या बंद फोनला म्हटले. दिग्दर्शक थांबा म्हणायचे विसरला. नंतर तो माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिला.

चित्रीकरण आमच्याच घरात झाले. त्यात एक गोष्ट मला खटकली होती. बाहेर कावळे ओरडत, फुलवाल्याची स्कूटर भोंगा वाजवत जाई, आणि त्यासाठी कोणी काम थांबवत नसे. मायक्रोफोन होता, तो धरणारा होता. मी विचारले तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "घराचे आवाज आहेत, मामी. राहू देत." हे उत्तर मला फार सुंदर वाटले.

चित्रीकरण संपल्यावर आम्ही माडीवरची खोली एका मुलीला भाड्याने दिली. मूळची सांगलीची, शहराबाहेर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर. कंपनीची बस तिला पहाटे घेऊन जाई आणि दिवेलागणीला परत आणून सोडी. आल्या दिवशी तिने मला मावशी करून टाकले. "मावशी, इथं मराठी बोलायला माणूस नाही हो, माझी जीभ गंजायला लागली होती," असे म्हणून ती आमच्या झोपाळ्यावर बसली आणि मग रोजच बसू लागली. आमच्या बोलण्याला ती पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवसापासून मात्र लक्ष देऊन ऐकू लागली. महाराष्ट्रातल्या माणसापुढे मी पहिल्यांदाच न अडखळता बोलू लागले ते तिच्यापुढे. कॉलेजात असताना तिने एकांकिका स्पर्धांत बक्षिसे मिळवली होती. कोणाचीही नक्कल ती दोन दिवसांत उचलत असे.

एका रविवारी दिग्दर्शक जेवायला आला होता. सिनेमाचे संकलन चालू होते. जेवताना मुलीने माझी नक्कल केली: मी अक्काला औषध घ्यायला कशी सांगते, अक्का कशी ऐकत नाही, मग मी कशी तिसऱ्याच भिंतीकडे पाहून रागावते. अक्काला हसता हसता ठसका लागला.

"हुबेहूब," अक्का मला म्हणाली. "डोळे मिटले तर तूच गे."

"मावशी, राग नाही ना?" मुलीने विचारले.

"रागावू कशी? रागावलेली तर तू अगोदरच करून दाखवलीस."

दिग्दर्शकाला शब्द कळले नसावेत. पण त्याने पान तसेच ठेवून मुलीकडे पाहिले. जाताना तो मला म्हणाला, की खालची इंग्रजी अक्षरे तपासायला मराठी जाणणारे कोणी हवे आहे. ही मुलगी चालेल. मला अभिमान वाटला. मीच दोघांना एकमेकांचे फोन नंबर घ्यायला लावले.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मुलगी संध्याकाळी माझ्याकडे शिकायला बसे. "मावशी, शब्द नुसता कळून भागत नाही. कसा म्हणायचा तेही कळलं तरच भाषांतर नीट होतं," असे ती म्हणे. मोबाइल झोपाळ्यावर ठेवून माझे बोलणे मुद्रित करी, वर जाऊन घोकत बसे, आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवी. मी चुका दाखवी. ती कंटाळत नसे. आयुष्यभर मी मुलींना शिकवले, पण जी गोष्ट माझी स्वतःची होती ती शिकायला कोणी प्रथमच आले होते. मी तिला सगळे दिले. अम्मा 'बरं' हा एकच शब्द किती परींनी म्हणायची, तेही.

पुढे तिचा घसा बसू लागला. शनिवार-रविवारी ती सकाळी बाहेर पडे आणि आवाज फुटलेला घेऊन परते.

"काय करतेस तरी काय?" मी विचारले.

"ऑफिसचं ट्रेनिंग आहे, मावशी. दिवसभर बडबड."

"सुट्टीच्या दिवशी?"

"ट्रकला कुठली सुट्टी?"

मी तिला मिरे घालून दूध उकळून देत असे, हळदमिठाच्या गुळण्या करायला लावत असे. तिचा आवाज सुधारावा म्हणून मी केलेले ते उपचार आठवले की अजूनही मला कोणाकडे पाहवत नाही.

सिनेमा तयार झाल्यावर चमूसाठी एक खेळ ठेवला. नुंगंबाक्कममध्येच एक छोटे प्रिव्ह्यू थिएटर आहे, तेथे. अक्काला पायऱ्या चढवत नसल्याने ती आली नाही. मुलगी माझ्या शेजारी बसली. दिवे गेले, आमचे स्वयंपाकघर दिसले, मी पाठमोरी दिसले. मग मी वळले, तोंड उघडले, आणि माझ्या तोंडातून ती बोलली.

पहिल्या वाक्याला मला वाटले, यंत्रात काही बिघाड आहे. दुसऱ्या वाक्याला कळले. तो आवाज थोडा खालच्या पट्टीत आणला होता, त्याला वय दिले होते. पण तो तिचा होता. आणि त्यातली सगळी वळणे माझी होती. जेथे मी थांबते तेथे तो थांबत होता, जेथे मी शब्द गिळते तेथे गिळत होता. माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. मी शेजारी पाहिले. मुलगी पडद्याकडे पाहत नव्हती. ती मांडीवरच्या ओढणीला गाठ मारत होती आणि सोडत होती.

खेळ संपल्यावर बाहेर कॉफी होती. दिग्दर्शक माझ्याकडे आला. आला, लपला नाही, एवढे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

"मामी, मी तुम्हाला आधीच सांगणार होतो."

"काय?"

"मुंबईच्या वितरकांना दाखवली. त्यांच्याकडची माणसं हसली. नको त्या जागी हसली. म्हणाले, ही बाई मराठी वाटत नाही. तमिळ नटीकडून मराठी पाठ करून घेतल्यासारखं वाटतं."

"मग सरळ मुंबईची मराठी घालायची."

"मग तंजावरचं काय उरलं असतं? हिच्या आवाजात दोन्ही आहे. तुमचं सगळं आहे, आणि त्यांना पटतंही. दोन ठिकाणी दाखवून पाहिलं, मामी. एकही माणूस हसला नाही." मग आवाज मऊ करून तो म्हणाला, "अभिनय तुमचाच आहे. या गावात कोणाला डब करत नाहीत? मोठमोठ्या नायिका काही बोलत नाहीत त्यावर."

म्हणजे मी खरी वाटत नाही आणि माझी नक्कल खरी वाटते. हे वाक्य मला तेथे सुचले नाही. ते घरी आल्यावर, चपला काढताना सुचले. तेथे मी एवढेच म्हणू शकले, की शेवटचा प्रसंग तरी माझ्या आवाजात ठेवा. ते माझ्या आईचे शब्द आहेत. बाकी काही म्हणणार नाही.

त्याने माझे दोन्ही हात हातांत घेतले. "तो प्रसंग तुमचा, मामी. तो परत घालतो. शब्द देतो."

मी आभार मानले. ज्याने घेतले त्याचेच आभार मानून मी घरी आले.

मुलगी माझ्या अगोदर पोहोचली होती आणि जिन्याच्या पायरीवर बसली होती. अक्का आत टीव्ही पाहत होती, म्हणून आम्ही हळू बोललो.

"मावशी, मला आधी वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"मग?"

"मग कळलं, की तुम्हाला माहीत नाही. डायरेक्टर म्हणाले, तेच सांगतील तुम्हाला. मग तुम्ही दूध द्यायला लागलात."

"दूध घेताना सांगायचं होतंस."

"ते दूध घेतल्यावर कसं सांगणार होते?" ती रडू लागली होती. "तुम्ही एकदा जोरात बोला ना मला. शिव्या द्या."

मला शिव्या येत नाहीत. तमिळमध्ये थोड्या येतात, पण त्या तिला कळल्या नसत्या. मी विचारले, "तुला आवडलं का ते काम?"

तिने ओढणीने तोंड पुसले. मग म्हणाली, "खूप. एवढं चांगलं मी कधीच काही केलेलं नाही."

हे तिने खोटे सांगायला हवे होते. महिनाअखेरीस तिने कारखान्याजवळ खोली घेतली. अक्काला मी कारण सांगितले नाही. प्रवासाचा त्रास होतो, एवढेच सांगितले. अक्काचा तिच्यावर जीव होता. शिवाय काय सांगायचे? माझे सामान चोरीला गेले असते तर सांगता आले असते.

सिनेमा परदेशी महोत्सवांना गेला. एका ठिकाणी माझ्या अभिनयाचा खास उल्लेख झाला. एका समीक्षकाने माझ्या आवाजाविषयी भरभरून लिहिले. दिग्दर्शकाने ते मला मोठ्या कौतुकाने पाठवले, आणि पाठवताना त्याला त्यात काही विचित्र वाटले नसावे. मला आणखी दोन सिनेमांची बोलावणी आली. मी थांबून राहिले. शेवटचा प्रसंग पाहीपर्यंत मला काही ठरवायचे नव्हते.

चेन्नईतला खेळ एग्मोरच्या एका सभागृहात, दुपारचा होता. आमची नात्यातली बरीच माणसे आली, आमच्यासारखे बोलणारी, बहुतेक पिकलेल्या केसांची. अक्काला मी चाकांच्या खुर्चीतून नेले. तिने नवी साडी नेसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "हिचाच सिनेमा" असे सांगत होती. दिग्दर्शक कोठे दिसेना. दिवे जाण्याच्या थोडे आधी त्याचा संदेश आला: सिनेमात पैसे घातलेल्या परदेशी निर्मात्यांनी ध्वनीचे काम बंद केले होते, त्याने फार प्रयत्न केला, पुढच्या सिनेमात नक्की. सोबत हात जोडल्याचे चित्र होते.

तरीही मी तो प्रसंग येण्याची वाट पाहिली. माणसाची आशा किती निर्लज्ज असते, हे मला त्या अंधारात कळले. पडद्यावर मी फोन ठेवला. मागून एक मंद वाद्य सुरू झाले, आणि सांगलीच्या मुलीच्या आवाजात मी माझ्या आईचे शब्द बोलले. सभागृहात कोणी हसले नाही. मागे कोणीतरी नाक शिंकरले. अक्काने माझे मनगट घट्ट धरले होते, आणि ती रडत होती.

माझी समजूत होती, की जगाला कळले नाही तरी या माणसांना कळेल. यांनी मला पाळण्यात पाहिले आहे. निदान एक जण तरी विचारील, की हा आवाज कोणाचा. बाहेर पडताना एका चुलत भावाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. एक मामी म्हणाली, "आमचं बोलणं असं ऐकून किती दिवस झाले." सगळ्यांनी मला धन्यवाद दिले. मी सर्वांना हात जोडले. तोंड उघडले नाही. उघडले असते तर फरक त्यांच्या लक्षात येईल, अशी भीती मलाच वाटू लागली होती.

परतीच्या गाडीत अक्काने आधी डोळे पुसले. मग म्हणाली, "अम्मासारखीच म्हटलीस गे. मला वाटलं, तीच आली."

मी तिच्या नव्या साडीचा पदर सारखा केला.

"ते म्हण एकदा. फोन ठेवल्यावरचं."

"अक्का, घरी जाऊन म्हणते."

"आत्ता म्हण. मी किती दिवसांची?"

मी म्हटले. "इकडं बस गे. जेवलीस की? जाशील, जाशील. थोडं उगी बस."

अक्काने मान हलवली. "असं नव्हे. तिथं म्हटलीस तसं."

मी पुन्हा म्हटले, अगदी अम्माला आठवून, तिच्या खाटेशी बसल्यासारखी.

"नव्हे गे. 'जाशील' असा तोडू नकोस. तिथं थोडा ओढलास तू. ऊन उतरतं तसा."

तो शब्द ओढण्याची सवय त्या मुलीची होती. अम्मा तसे कधी म्हणत नसे. झोपाळ्यावर बसून मी तो कितीदा सुधारला होता, आणि ती एकच सवय तिची सुटली नव्हती.

"अक्का," मी म्हटले, "तो आवाज माझा नव्हता. वर राहत होती ती पोर बोलली आहे ते. माझा काढून तिचा घातलाय."

अक्का हसली. "काहीतरीच. तोंड तुझं, डोळे तुझे, आणि आवाज तिचा? मला काय तुझा आवाज कळत नाही?" तिने माझ्या हातावर थाप मारली. "सिनेमात आवाज थोडा निराळा येतोच. यंत्र आहे ते. म्हण की."

"खरं सांगते आहे, अक्का."

"बरं. तिचा तर तिचा. पण म्हण."

सिग्नलला गाडी थांबली होती. चालक आरशातून आमच्याकडे पाहत होता. दोन म्हाताऱ्या कशावरून तरी हटून बसल्या आहेत, असे त्याला वाटले असावे. अक्काने डोळे मिटून डोके मागे टेकले होते आणि ती वाट पाहत होती. अम्मा जाऊन इतकी वर्षे झाली, पण अम्माचा आवाज ऐकण्याची अशी ओढ मी अक्काच्या तोंडावर कधी पाहिली नव्हती.

मी तिसऱ्यांदा म्हटले. या वेळी तो शब्द ओढला, त्या मुलीने ओढला होता तसा, आणि आवाज थोडा खाली आणला.

"हां," अक्का डोळे न उघडता म्हणाली. "आता बरोबर."